सेन्सर सर्किट हाय

आमच्या गाडीला सुरमईचा वास येतो.

येतो म्हणजे येतच राहणार, असं ज्यांनी ज्यांनी आत डोकं घातलं त्यांनी सांगितलेलं आहे. मी कापूर जाळून पाहिला. कॉफीची पूड वाटीत घालून ठेवली. सगळी दारं उघडून गाडी दिवसभर उन्हात उभी केली, तर दोन मांजरं आत येऊन मागच्या सीटवर झोपली आणि संध्याकाळी उतरायला तयार होईनात. आता मी प्रयत्न सोडून दिले आहेत. नवीन माणूस गाडीत बसला की आधी नाक आक्रसतो, मग काच खाली करायचं बटण शोधतो, आणि शेवटी विचारतोच, "काय हो, काय झालं होतं?" मग मी एक खोल श्वास घेतो (तोंडाने!) आणि सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगतो. सांगून सांगून दमलो आहे खरं तर. पण एकदा सुरू झालो की हातवाऱ्यांसकट सांगतो, त्याला माझा इलाज नाही.

माझी बायको मंगल कोल्हापूरची आणि मी तारकर्लीचा. आमच्या दोघांच्या मध्ये फोंडाघाट आहे. तो नकाशात आहे तसाच संसारातही आहे. एरवी मंगल पुस्तकात छापावं असं मराठी बोलते, पण रागावली की तिची भाषा घाट चढून माहेरी जाते. ती माहेरी पोचली की मी घराच्या मागच्या दाराने समुद्रावर जातो.

तर त्या मे महिन्यात मंगलच्या भावाच्या, म्हणजे विलासच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडचे लोक रविवारी संध्याकाळी जेवायला यायचे होते. मुलाचे थोरले चुलते मान हलवतील तसं व्हायचं होतं, आणि ते चुलते माशांचे भारी शौकीन. विलासने भर बैठकीत त्यांना सांगून टाकलं, "आमच्या भैनीकडची मालवणची सुरमई आणतो. आज पान्यातनं भाईर, आज तुमच्या ताटात!" चुलत्यांनी म्हणे मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सुरमई आली की बोलू."

म्हणजे त्या मुलीचं लग्न आता सुरमईवर आलं होतं. आणि सुरमई माझ्यावर!

मंगल पहाटेच बंदरावर जाऊन दोन सुरमया घेऊन आली. एकेक माझ्या हाताएवढी लांब. थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, वर बर्फ, मध्ये सुरमया. पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि तिच्या शेजारी माझी आई बसली. तिने पेटीवर असा हात ठेवला होता, जसा मी लहान असताना माझ्यावर कधीच ठेवला नव्हता.

"ह्या पेटीत माझ्या माहेरची अब्रू आहे," मंगल मला म्हणाली. "संध्याकाळपर्यंत ताजी पोचली पाहिजे."

"पोचेल की! गाडी आहे का बैलगाडी?"

त्या वेळी गाडीला जेमतेम दोन महिने झाले होते. जुनी होती, पण आम्हाला नवी. आणि मी तिच्यासाठी एक यंत्र मागवलं होतं. काडेपेटीएवढं. स्टिअरिंगच्या खाली एका खाचेत खोचायचं, मोबाईलला जोडायचं, की गाडीला काय होतंय ते मोबाईलवर लिहून येतं. डॉक्टरच म्हणा ना! यंत्र आल्यापासून मी रोज गाडी तपासत होतो आणि रोज गाडीला काहीही झालेलं नसायचं. माणसाची किती निराशा होते!

निघताना आई देवाकडचा नारळ घेऊन आली. लाल फडक्यात बांधलेला, वर दोरीची गाठ.

"हो राखणेचो नारळ. गाडयेत पुढे ठेव."

"आये, पुढे ठेवलो तर गडगडत ब्रेकाखाली येतलो."

"मगे खंय ठेवतलंस? माझ्या डोक्यार?"

मागे पेटी, डिकीत फणस, आंबे आणि आईची वळकटी. मंगलच्या मांडीवर मसाल्याचा डबा. नारळाला जागाच नव्हती. तेव्हा मला ती कल्पना सुचली. (माझ्या कल्पनांबद्दल घरात फारसं चांगलं बोललं जात नाही.) मी बॉनेट उघडलं आणि नारळ आत इंजिनाच्या बाजूला टांगला. हाताला लागली त्या एका वायरला दोरीची गाठ मारून टाकली.

"इंजिनाच्या एवढो जवळ देव कोणाच्याच गाडयेत नाय," मी आईला म्हटलं. तिला ते पटलं. मंगलने कपाळाला हात लावला, पण तो ती दिवसातून बरेचदा लावते.

कसाल यायच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. तो रस्त्याच्याच रंगाचा असल्यामुळे माणसाला तो आधी कमरेत कळतो आणि मग डोळ्यांना दिसतो. गाडी उडाली, फणस उडाला, आई उडाली. पेटीवरचा हात मात्र तिने काढला नाही. आणि त्याच क्षणी समोर एक पिवळा दिवा लागला. पाठोपाठ बॉनेटमधून भाताची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज यायला लागला. इंजिनाचा पंखा! तो एरवी मधूनमधून फिरतो. आता तो असा फिरत होता, की गाडी रस्ता सोडून उडते की काय वाटावं. आणि एसी बंद पडला.

"थांबवा," मंगल म्हणाली.

मी गाडी बाजूला घेतली, आणि (लपवून काय उपयोग?) मला आनंद झाला. अखेर गाडीला काहीतरी झालं होतं! यंत्र होतंच खाचेत. मी मोबाईल काढला, चष्मा काढला, दुसरा चष्मा घातला. पडद्यावर एक आकडा आणि त्याच्यापुढे इंग्रजीत ओळ आली. ती मी मोठ्याने, बातम्या वाचतात तशी वाचली.

"इंजिन कूलंट टेंपरेचर सेन्सर सर्किट हाय!"

मागून आवाज आला.

"कोणाची रे हाय लागली?"

"आये, ती हाय न्हय..."

"माका म्हायतच होता! काल ती शेजारची सुलभा गाडयेक हात लावन लावन बघी होती. 'बरी आसा हो गाडी' म्हणाली आणि असो उसासो टाकल्यान!"

"अगो, ही इंग्रजी हाय."

"इंग्रजांची हाय आता कशी लागतली? ते जावन किती वर्सा झाली!"

मी आईचा नाद सोडला आणि मंगलला समजावून सांगितलं, "हे बघ. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. टेंपरेचर म्हणजे तापमान. आणि हाय म्हणजे हाय. इंजिन भयंकर तापलंय. म्हणून तर पंखा असा पिसाळलाय!"

"पण तो तापमानाचा काटा तर तळाला झोपलाय."

"काटा बिघडलाय."

"मघापर्यंत बरा होता."

"मंगल, तू काट्यावर विश्वास ठेवणार की यंत्रावर?"

"मासा खाताना काटा लागला की ठेवता ना विश्वास? मग ह्या काट्यानं काय घोडं मारलंय?"

(भाषा घाटाच्या पायथ्याशी आली होती.)

रविवार, वर लग्नाची तिथी. वाटेतली दोन्ही गॅरेजं बंद. एका दारावर खडूने लिहिलं होतं, 'जेवणावळीक गेलो आसय'. एसी नाही, बाहेर ऊन, आत सुरमई. पंखा गरजत होता, मागून काळा धूर निघत होता, आणि आम्ही वरातीतल्या बैलांच्या चालीने फोंड्याच्या बाजारात पोचलो. समोर घाट. तापलेलं इंजिन घेऊन घाट चढायला लागलो असतो तर वाटेत स्फोट झाला असता, याबद्दल माझी पक्की खात्री होती. मी गाडी एका चहाच्या टपरीसमोर उभी केली आणि विलासला फोन लावला. विलासकडे ट्रॅक्टर आहे, त्यामुळे त्याला इंजिनातलं कळतं असा त्याचा समज आहे.

"बोला दाजी! घाट चढला न्हवं?"

"चढायचाय. गाडी बिघडलीय. यंत्र म्हणतंय, सेन्सर सर्किट हाय."

"हाय न्हवं? मग झालं की! नसतं तर पंचाईत हुती."

"अरे, हाय म्हणजे आहे असं नव्हे."

"आता हाय म्हंता, लगीच न्हाई म्हंता. नीट बघून सांगा. हाय का न्हाई?"

"हाय!" मी बाजारात ओरडलो. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"मग लावा गेर आन या वर! आमच्या ट्रॅक्टरला त्यो सेन्सरच न्हाई, तरी पळतोय. तुमच्याकडं सेन्सर बी हाय, सर्किट बी हाय. मासं हाईत न्हवं?"

"आहेत."

"मग सगळं हाय!" म्हणून त्याने फोन ठेवला.

आता काय करायचं ते मलाच करायचं होतं, आणि इथे मला दिवसातली दुसरी कल्पना सुचली. इंजिन तापलंय. त्याला थंड करायला हवं. आणि मागच्या सीटवर थंड वस्तू भरपूर आहे!

मंगल टपरीवर पाणी आणायला गेली होती. मी पेटी उघडली. आईने विचारलं, "काय करतंस रे?" मी म्हटलं, "उपचार." ओंजळी भरभरून बर्फ काढला, बॉनेट उघडलं आणि इंजिनावर, नळ्यांवर, पुढच्या जाळीवर, जिथे मावेल तिथे रचला. फस्स करून वाफेचा असा ढग उठला की क्षणभर समोरचा फोंडाघाट दिसेनासा झाला.

"बघा! बघा वाफ!" मी टपरीकडे तोंड करून म्हणालो. "किती तापलं होतं!"

"तापलाच होता," टपरीवरचे एक काका म्हणाले. (लोकांचा मला नेहमी पाठिंबा असतो. घरचे सोडून.)

बर्फ विरघळला. पण तो साधा बर्फ नव्हता हो! तो पहाटेपासून सुरमईच्या अंगाखाली मुरलेला बर्फ होता. ते पाणी गरम इंजिनावरून ओघळलं, फटीफटीत शिरलं, तिथे शिजलं, आणि बघता बघता फोंड्याच्या बाजारात माशाच्या कढणाचा घमघमाट सुटला. पहिलं मांजर दळणाच्या गिरणीतून आलं. दुसरं पत्र्यावरून उडी मारून. मग किती आली ते मी मोजायचं सोडून दिलं. सगळी गाडीसमोर अर्धवर्तुळात बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. एवढ्या आदराने माझ्याकडे आजवर कोणी बघितलेलं नाही.

मंगल पाण्याची बाटली घेऊन परत आली. तिने मांजरं बघितली. बॉनेट बघितलं. मग पेटी बघितली.

"बर्फ कुटं हाय?"

(भाषा घाट चढून राधानगरीला पोचली होती.)

"इंजिनावर."

"आन् मासं?"

"पेटीत. तळाला थोडा बर्फ शिल्लक आहे अजून..."

"थोडा! अहो, माझ्या भावाची पोरगी तिकडं साडी नेसून बसलीया! त्यो चुलता मिशीला पीळ देत बसलाय! आन् तुमी मासं उन्हात घालून इंजनाला बर्फ चारताय?"

मी टपरीवाल्याकडे बर्फ मागितला, तर सकाळपासून लाईट नव्हती. सोडावाल्याकडचंही पाणीच झालं होतं. तिची नाराजी थोडी कमी व्हावी म्हणून मी म्हटलं, "पण उपयोग झाला असेल बघ. मोबाईलवर तापमान दिसतं. थांब." आणि किल्ली फिरवून मोबाईल तिच्याच हातात दिला.

तिने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"इथं चाळीस लिहिलंय. पण आधी एक आडवी रेघ आहे."

"रेघ?"

"उणे चाळीस."

मी मोबाईल घेतला. खरंच! उणे चाळीस! माझ्या अंगावर काटा आला. एवढासा बर्फ, आणि केवढा गुण!

"मंगल, मी इंजिन उणे चाळीसला आणलं!"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ती नजर जरा आधी मिळाली असती तर बर्फाची गरजच पडली नसती.

"फोंड्यात. मे महिन्यात. भर दुपारी. उणे चाळीस?"

"हो."

"मग त्यो पंखा का गरगरतोय? कुणाला वारा घालतोय, मांजरांना?"

मी बॉनेटकडे बघितलं. पंखा गरजतच होता. बर्फाआधी गरजत होता तसाच. हळूहळू, नको नको म्हणत, माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. काटा तळाला झोपला होता. यंत्र उणे चाळीस म्हणत होतं. म्हणजे दोघंही एकच सांगत होते. हाय होतं ते सेन्सरच्या तारेतल्या विजेचं माप. तापमान नव्हेच! तार कुठेतरी तुटली, की सेन्सर गाडीला सांगतो, बाहेर बर्फ पडतोय. गाडी बिचारी गोंधळते, सेन्सरवरचा विश्वास सोडते, पंखा सोडते मोकाट आणि एसी करते बंद. इंजिन मुळी तापलंच नव्हतं. चालत्या इंजिनावर कधीही बर्फ ठेवला तरी वाफ येणारच! मी एका धडधाकट इंजिनाला माझ्या मेव्हण्याच्या पाहुण्यांचा बर्फ खाऊ घातला होता.

पण तार तुटली कुठे? आत शंभर वायरी. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो आणि त्या माझ्याकडे.

तेवढ्यात आई गाडीतून उतरली.

"बघून झाला मां तुमचा? आता तो नारळ काढ आणि वाढव. दुसरो इलाज नाय."

"आये, आता नको गो..."

"हाय लागली म्हणान यंत्रान सांगलान मां तुका? मगे?"

मी दमलो होतो. माणूस दमला की आस्तिक होतो. मी हात जोडून बॉनेटसमोर उभा राहिलो, मंगल बाजूला, आणि आईने भर बाजारात खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू फोंड्याच्या नाक्यार गाडी घेवन अडाकला हा..."

"व्हय म्हाराजा!" मी म्हणालो. टपरीवरची माणसंही उठून म्हणाली. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्याकडे कोणी बसून राहत नाही, मग ते कुणाचंही असो.

"सुलभाची नायतर आणखी कोणाची जी काय हाय लागली आसात, ती ज्येची त्येका परत कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराक अक्कल कमी आसा, ता तुका म्हायत आसा, माका म्हायत आसा..."

"व्हय म्हाराजा!!" हा आवाज सगळ्यात मोठा आला, आणि तो माझ्या शेजारून आला.

"तरी त्येका संभाळून घे, गाडी घाट चढांदे आणि सुरमई ताजी रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी वाकलो, दोरी धरली आणि नारळ वर उचलला. नारळाबरोबर दोरी आली. दोरीबरोबर गाठ आली. गाठीबरोबर एक वायर आली. आणि वायरच्या टोकाला, हवेत लोंबकळत, एक इवलीशी काळी टोपी. तिची जागा खाली इंजिनावर रिकामी दिसत होती. पितळी, दाढेएवढी. सेन्सर!

मी नारळाकडे बघितलं. मंगलने माझ्याकडे बघितलं. बाजारानेही बघितलं.

"ही गाठ कुणी मारली?" मंगलने विचारलं.

हे विचारायची खरं तर काहीच गरज नव्हती.

गतिरोधकावर नारळ उडाला होता आणि परत खाली येताना वायरला घेऊन आला होता. हाय लागू नये म्हणून टांगलेल्या नारळानेच हाय आणली होती! मी गाठ सोडली आणि टोपी सेन्सरवर दाबली. टक् असा आवाज आला. किल्ली बंद करून परत फिरवली. शांतता! मोबाईलवरची आडवी रेघ गेली, चाळीसही गेला आणि इंजिनाला शोभेल असा आकडा आला. एसी सुरू झाला.

"बघलंस?" आई म्हणाली.

"आये, नारळामुळेच वायर निघाली होती!"

"आणि दाखवल्यान कोणी? नारळानच मां?"

हा मुद्दा मी पुढे अनेक जाणत्या लोकांसमोर मांडला आहे. अजून कोणाला खोडून काढता आलेला नाही.

घाट आम्ही कसा चढलो म्हणता! पेटी पुढच्या सीटवर, पट्टा लावून. झाकण उघडं. एसीची सगळी तोंडं सुरमईकडे वळवलेली. मंगल आणि आई मागे, पदराने वारा घेत. मी घामाने निथळत. दाजीपूरला एका हॉटेलात बर्फ मिळाला तो मंगलने स्वतः जाऊन आणला. तोवर पेटीला मी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. गाडीच्या पुढच्या जाळीतून सुरमईच्या कढणाचा वास आत येत होता तो आलाच, आणि पुढे कायमचा मुक्कामाला राहिला.

पण सुरमई ताजी पोचली! मंगलने स्वतः तळली. चुलत्यांनी पहिली तुकडी खाल्ली, डोळे मिटले. दुसरी खाल्ली. तिसऱ्या तुकडीला मान हलवली, आणि पडद्याआड मुलीच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मंगल माझ्याकडे बघून सकाळपासून पहिल्यांदा हसली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं की मला बोलायला लागतं. मी सगळी हकिगत पाहुण्यांना सांगितली. नारळ, बर्फ, मांजरं, गाऱ्हाणं, सगळं उठून, हातवारे करून. "व्हय म्हाराजा"ला तर पाहुण्यांकडूनही साथ घेतली.

हात धुवायला म्हणून मी मोरीकडे गेलो, तेव्हा चुलते विलासला हळूच विचारत होते. (हळूच म्हणजे कोल्हापुरी हळूच. अंगणातल्या म्हशीनेही मान वर केली.)

"हे तुमचं दाजी... कसा हाय माणूस?"

विलास मोठ्या मायेने म्हणाला,

"मनानं सोनं हाय ओ. फकस्त सर्किट हाय."

मी ओल्या हातांनी तिथेच उभा राहिलो. सबंध दिवसात बिघाडाचं बिनचूक निदान ते तेवढं एकच झालं होतं, आणि तेही यंत्र न लावता!